मिरवणुकीनं मोडलेली गाडी

माझा आवाज मोठा आहे. मी चौथीच्या वर्गावर ओरडले की भिंतीपलीकडची दुसरी गप्प बसायची. घरातही तेच. आमचे हे रांजणगावच्या कंपनीतनं शिफ्ट करून आले की आधी दारात कानोसा घ्यायचे आणि मगच चपला काढायचे. पण ज्या वर्षी हा आवाज उपयोगी पडायला हवा होता, त्या वर्षी त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे, म्हणून लिहिते आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही शिरूरला राहायचो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. माहेर दौंड तालुक्यात, वरवंडच्या जवळ. माहेरी जायचं म्हणजे न्हावऱ्यापर्यंत एसटी, तिथून चौफुल्याची, आणि पुढं मिळेल त्या जीपला लोंबकळायचं. दर सुट्टीला हे करून मी वैतागले होते. शेवटी शिरूरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा हात जोडून म्हणायचा, "बाई, ब्रेक दाबा, मला शिव्या नका देऊ." लायसन मिळालं आणि पुण्याच्या एका मोठ्या काचेच्या शोरूममधनं छोटी पांढरी गाडी घेतली. गाडी माझ्या नावावर, चालवणार मी. ह्यांना त्यात रस नव्हता, ते कंपनीच्या बसमध्ये झोपायला सोकावलेले.

माझे वडील, आप्पा, बांधकाम खात्यात मैलकुली होते. म्हणजे रस्त्याला खडी पसरायची, खड्ड्यात डांबर ओतायचं, गटारं मोकळी करायची. सोलापूर रस्त्याचा वरवंड-पाटसकडचा तुकडा त्यांच्या टोळीकडं होता. त्या रस्त्यानं लेक स्वतः गाडी चालवत आली, ह्याचं त्यांना किती वाटलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला हात लावून बघितला आणि म्हणाले, "चाकाला वलं डांबर लागू दिऊ नगंस. निघत न्हाई." एवढंच. पण आई म्हणाली, त्या रात्री ते दोनदा उठून गाडी बघून आले.

गाडीत खोट पहिल्यापासून होती. तिसरा गिअर सुटायचा. टाकला की थोडं अंतर नीट जायची, मग खट् करून दांडा आपोआप मागं यायचा आणि इंजिन नुसतं बोंबलायचं. पहिल्या सर्व्हिसिंगलाच मी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये सांगितलं. तिथं एक सुपरवायझर होता, इस्त्रीच्या शर्टाचा, खिशाला दोन पेनं. त्यानं माझं बोलणं ऐकलं आणि उत्तर ह्यांच्याकडं बघून दिलं. "नवीन गाडीचा गिअर कडक असतो साहेब. बसेल. आणि लेडीज लोकांचा पाय जरा क्लचवरच असतो." मी म्हणाले, "पाय माझा आहे, मला सांगा." तो हसला. हेही हसले, त्याचा मला जास्त राग आला. दोन वर्षांची वॉरंटी आहे, काही झालं तर बघू की, असं म्हणून आम्ही गाडी घेऊन आलो.

आमच्या बौद्धवाड्यात एक रीत आहे. वर्षभरात ज्याच्या दारात नवीन गाडी येईल, ती गाडी एप्रिलातल्या जयंतीला मिरवणुकीच्या पुढं राहणार, फोटो तिच्यावर. एका वर्षी लुना होती, तिच्या हँडलला फोटो बांधून दोघं जण धरून चालले होते. एका वर्षी ट्रॅक्टर, एका वर्षी टेम्पो. चारचाकी गाडी, काचा वर-खाली होणारी, वाड्यात कधी आली नव्हती. आप्पांनी मला कधी काही मागितलं नाही. त्या वर्षी मार्चात त्यांनी वरवंडहून शाळेत फोन केला आणि म्हणाले, "जयंतीला गाडी घिऊन ये. म्होरं म्या बसनार."

मी गाडी घेऊन गेले. आप्पांनी पांढरा शर्ट, निळा फेटा घातला होता. पुढच्या सीटवर छाती काढून बसले. बायाबापड्या काचेतनं वाकून बघत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "आप्पा, कलेक्टर झालासा व्हय!" तर आप्पा म्हणाले, "म्या न्हवं, ही कलेक्टरीण. म्या पट्टेवाला." मिरवणूक काही रात्रभर चालणारी नव्हती. आमचा वाडा केवढा, गाव केवढं. दिवस मावळायला निघाली, ती जेवायच्या वेळेला परत आली. पोरांनी निळा गुलाल उधळला, गाडी पांढऱ्याची निळी झाली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी स्वतः बादली घेऊन धुतली. मी आयुष्यात त्यांना इतकं खूश कधी बघितलं नाही, माझी नोकरी लागली तेव्हाही नाही.

मग त्यांचा आवाज बसला. उन्हाळा बाधला म्हणाले, गुळण्या केल्या. घास अडायला लागला तेव्हा मी ओढत पुण्याला नेलं. घशात गाठ होती, आणि ती साधी नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, वेळेवर आलात, लाईट पूर्ण घेतली तर माणूस उठेल. आमच्याकडं त्या शेक देण्याला लाईटच म्हणतात. रोज यायचं, रविवार सोडून. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. मध्ये खंड पडता कामा नये. खंड पडला तर झालेलं सगळं वाया जाईल आणि गाठ पुन्हा डोकं वर काढेल.

सुट्टी लागली होती. मी माहेरी मुक्काम ठोकला आणि रोज सकाळी आप्पांना गाडीत घालून पुण्याला न्यायला लागले. चौफुला, यवत, कासुर्डी, उरुळी, हडपसर. रेल्वेची शटल होती, पण तिच्यात उभं राहायला जागा नसायची. आणि लाईट सुरू झाल्यावर त्यांच्या मानेची कातडी अशी भाजून निघाली होती की शर्टाची कॉलर टेकली तरी डोळ्यांत पाणी यायचं. तोंडात सारखी लाळ, जवळ एक डबा, त्यात थुंकायचं. एसटीत एकदा नेऊन बघितलं होतं. शेजारचा माणूस उठून गेला आणि कंडक्टर म्हणाला, टीबीचा पेशंट असा आणू नका. त्यामुळं गाडी हाच आमचा आधार होता.

तिसरा गिअर अजून सुटतच होता. मी वैतागून शिव्या घालायचे. आप्पांनी त्यावर उपाय काढला. मी गिअर टाकला की ते उजव्या हातानं दांडा दाबून धरायचे. बसलेल्या आवाजात म्हणायचे, "तू हाण. म्या धरतो. सारा जलम फावडं धरलंय, ह्ये काय!" वरवंडपासून हडपसरपर्यंत असे आम्ही दोघं मिळून ती गाडी चालवायचो.

आणि कासुर्डीच्या पुढं एक दिवस ती बसली. आतून दगड भरडल्यासारखा आवाज आला, मग दांडा सैल पडला. कुठलाच गिअर पडेना. ऊन टळटळीत, कडेला एक झाड नाही. आप्पा डबा हातात धरून मैलाच्या दगडावर बसले. मी रस्त्यात उभी राहून हात करत होते आणि ट्रक अंगावरनं जात होते. कशीबशी एक जीप थांबली. ड्रायव्हरच्या हातापाया पडून आप्पांना पुढं बसवलं आणि त्या दिवशीची लाईट चुकू दिली नाही. गाडी संध्याकाळी ह्यांनी येऊन एका टेम्पोमागं दोर बांधून पुण्याच्या वर्कशॉपला नेऊन टाकली. गावातली एक जीप भाड्यानं ठरवली, आणि आम्ही येणं-जाणं चालू ठेवलं.

दोन दिवसांनी मी वर्कशॉपला गेले. तोच सुपरवायझर होता. गाडीभोवती फिरला. विचारलं, "कुठं कुठं चालली गाडी? लोड वगैरे? लग्नकार्याला?"

मी म्हणाले, "लग्नाला नाही. जयंतीला पुढं होती."

लपवायचं काय त्यात? आमच्यात नव्या गाडीबद्दल पहिल्यांदा हेच सांगतात. मी तर जरा ताठ होऊनच सांगितलं असेल. त्यानं वाकून बॉनेटच्या फटीत बोट फिरवलं. आप्पांनी इतकी धुतली तरी फटीत निळा राहिलाच होता. त्यानं बोटाकडं बघितलं, फडक्याला पुसलं आणि म्हणाला, "अच्छा. मिरवणूक."

त्याच्या मनात काय आलं ते मी सांगू शकत नाही. पण असल्या 'अच्छा'चा अर्थ लावण्यात माझं अर्धं वय गेलं आहे, मला ते शिकवू नये कुणी. त्यानंतर त्याचं बोलणंच बदललं. मिरवणुकीत पहिल्या गिअरवर, अर्ध्या क्लचवर गाडी ओढली की गिअरबॉक्स जातोच. हा चुकीचा वापर झाला. वॉरंटीत बसत नाही. बॉक्स उघडायचा असेल तर खर्च मान्य आहे म्हणून सही करा, मग कंपनीचा इंजिनिअर येईल तेव्हा बघेल.

मी म्हणाले, "पहिल्या सर्व्हिसिंगला मी सांगितलं होतं, तिसरा सुटतो म्हणून. तेव्हा जयंती झाली नव्हती."

"तशी काही नोंद नाही मॅडम."

"नोंद तुम्ही केली नाही, त्याला मी काय करू?" माझा आवाज चढला होता. "माझा बाप रोज लाईट घ्यायला येतो, कळतंय का तुम्हाला?"

"मॅडम, ओरडू नका, इथं कस्टमर बसलेत."

"मग मी कोण आहे? मी कोण आहे इथं?"

सगळे बघायला लागले. मी सही केली नाही. सही करणं म्हणजे आम्ही मोडली असं कबूल करणं, आणि ते मी मेले तरी केलं नसतं.

मग मी दर दोन-चार दिवसांनी तिथं जाऊन भांडायला लागले. एके दिवशी लाईट झाल्यावर आप्पा जीपमध्ये होते, आणि जीप वर्कशॉपबाहेर उन्हात उभी. मी म्हणाले, आत चला, तिथं पंखा आहे. तिथं नेऊन मी त्यांना सोफ्यावर बसवलं. मांडीवर डबा, मानेला ओला पंचा. शेजारच्या बाईनं पर्स उचलली आणि लांब जाऊन बसली. मी काउंटरवर सुरू झाले. सुपरवायझर कंटाळला असणार. तो मला वळसा घालून सरळ आप्पांसमोर गेला आणि लहान पोराशी बोलावं तसा म्हणाला, "बाबा, मिरवणुकीत ओढली ना गाडी तुम्ही?"

आप्पांनी वर बघितलं. मान हलवली. हो.

"आता मिरवणुकीनं गिअरबॉक्स मोडला, तर त्याला कंपनी काय करणार, तुम्हीच सांगा."

आप्पा परत मान हलवत राहिले. सुपरवायझर माझ्याकडं वळला. "बघा. बाबांना पटतंय."

मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. वॉचमन आला एवढं आठवतं. जीपमध्ये बसल्यावर आप्पांनी माझ्यापुढं हात जोडले. बापानं लेकीपुढं! माझं डोकंच फिरलं. "हात काय जोडता? तुम्ही काय केलंय? खोटं बोलतोय तो मेला!" त्यांनी हात खाली घेतले नाहीत. घशातनं शब्द निघायला त्रास व्हायचा तरी ते म्हणाले, "म्याच मोडली. म्याच बोलावली तुला." तिथून वरवंडपर्यंत मी त्यांना समजावत होते, गिअर आधीपासून सुटत होता, तुम्हीच तर धरत होता. ते खिडकीबाहेर बघत होते. शर्टपँटवाल्या माणसानं समोर उभं राहून सांगितलं होतं. त्यांच्या सगळ्या नोकरीत शर्टपँटवाल्यांनी सांगितलेलं खरं असायचं, त्यापुढं माझं कोण ऐकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात आली आणि आप्पा उठले नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मी म्हणाले, खंड पडला तर सगळं जाईल आप्पा. नाही. मी ओरडले. नाही. रडले. तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला, आता पुरे म्हणून. लेकीची गाडी मोडली, आता वर भाड्याच्या जीपचं ओझं नको, असं त्यांनी आईला कधीतरी सांगितलं. ह्यांनी रजा टाकून येऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. वाड्यातले आबा, आप्पांचे लहानपणापासूनचे सोबती, उशाशी बसून राहिले. "आरं जा की बाबा, पोरगी बोंबलतीया." काही नाही. डॉक्टर म्हणाले, पेशंटला आणा, मी बोलतो. आणणार कसं? उचलून? एकदा तेही करून बघितलं. त्यांनी दाराची चौकट धरली, आणि त्या वाळक्या हातात इतकं बळ कुठून आलं देव जाणे. सोडवता सोडवता त्यांच्या मानेची कातडी निघाली, तेव्हा मीच म्हणाले, सोडा.

गाठ वाढली. आधी भाकरी गेली, मग भात, मग पेज. आई चमच्यानं पाणी घालायची तर ते कडेनं बाहेर यायचं. शाळा सुरू झाली तरी मी शनिवार-रविवार जात होते. त्या घरात मी, मोठ्या आवाजाची बाई, हळू बोलायला शिकले. दिवाळीच्या आधी आप्पा गेले. शेवटी ते एवढेसे झाले होते.

गाडी तिकडं वर्कशॉपच्या मागं पावसात उभी होती. हे म्हणायचे, सही करून टाकू, संपव. मी नाही म्हणायचे.

थंडीत शोरूममधनं शाळेत फोन आला. सुपरवायझरच होता, एकदम गोड आवाजात. मॅडम, गुड न्यूज आहे. कंपनीकडून कळवलं आहे की त्या लॉटच्या गाड्यांना तक्रारी होत्या. गिअरबॉक्सच्या आतली एक कडीच कच्ची निघाली. आम्ही तुमचा बॉक्स फ्रीमध्ये बदलून देतोय.

गाडी आणायला मी एकटी गेले. वाटेत ठरवून गेले होते, आज त्याला सोडायचं नाही. त्यानं चावी हातात दिली. मी विचारलं, "हे तेव्हा का नाही कळलं?"

"तेव्हा आपण बॉक्स उघडलाच नव्हता ना मॅडम. तुम्ही अप्रूव्हल नव्हतं दिलं." आणि मग हसून म्हणाला, "आता बिनधास्त मिरवणुकीत न्या."

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. एवढं तोंड असून! मी गाडीत बसले, गेटच्या बाहेर पडले. तिसरा गिअर टाकला आणि तो लोण्यासारखा बसला.

शिरूरला न जाता मी सरळ वरवंडकडं निघाले. मला एकच वाटत होतं, कधी एकदा आईला सांगते. आप्पांचा दोष नव्हता. वाड्यातल्या सगळ्यांना सांगेन, दारोदार जाऊन सांगेन. ते स्वतःला चोर समजून गेले, निदान आईनं तरी तसं समजू नये. यवत कधी मागं गेलं कळलं नाही.

आई दारात सूप घेऊन शेंगा फोडत बसली होती. तिनं गाडीकडं बघितलं. "झाली व्हय नीट?"

"झाली."

"किती घेतलं?"

"काही नाही घेतलं. कंपनीचीच चूक होती आई. गाडी आली तेव्हाच आतनं खराब होती. मिरवणुकीचा काही संबंध नव्हता."

"म्हंजी... ह्यांच्यामुळं न्हाई मोडली?"

"नाही गं आई. आप्पांमुळं नाही. अजिबात नाही."

मला वाटलं तिला बरं वाटेल. तिनं हातातली शेंग न फोडताच सुपात टाकली. आप्पा गेले तेव्हा ती रडली नव्हती, पुण्यानुमोदनाच्या दिवशीही नाही. येईल त्याला ती सांगायची, कोंबडं आणि माणूस दोन्ही हट्टी पाळलं मी, लेकीची गाडी मोडली ते त्यांच्या मनाला लागलं, त्यांनी ठरवलं आन् गेले. त्या एका गोष्टीवर ती उभी होती, हे मला तोवर कळलं नव्हतं.

"मग ते उगंच गेलं की गं," आई म्हणाली.

आणि सूप बाजूला सारून, पदर तोंडात कोंबून, ती रडायला लागली.